मावळ्याच्या डोक्यावर रोमन टोप नको

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी वडगावात राहते, तीस वर्षं शिलाईकाम करते, ब्लाउज आणि शाळेचे युनिफॉर्म जास्त. पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहायलेय त्यामुळं काही मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या, पण विषय मनात दोन वर्षांपासून घोळतोय आणि आता शिवजयंतीचे दिवस जवळ आले की परत तेच होणार म्हणून लिहायला बसले.

आपल्या बेळगावची शिवजयंती म्हणजे वैशाख शुद्ध द्वितीया, आणि त्यानंतरची चित्ररथांची मिरवणूक, ती बघायला खानापूर, चंदगड, निपाणीकडनं माणसं येतात आणि पहाटेपर्यंत उभी राहतात. आमच्याकडचे चित्ररथ म्हणजे सजीव देखावे, खरी माणसं, खरी पोरं उभी राहतात, डायलॉग म्हणतात, लढाई करून दाखवतात, ह्याचा मला फार अभिमान आहे. पण मागच्या दोन-तीन वर्षांत मी बारकाईनं बघितलं तर निम्म्या मावळ्यांच्या डोक्यावर तो बाजारातला सोनेरी प्लास्टिकचा टोप, गालावर येणाऱ्या दोन पट्ट्या आणि वर मधोमध झाडूसारखा लाल ब्रश. आहो तो रोमन सैनिकाचा टोप आहे. तो कारखान्यात शाळेच्या फॅन्सी ड्रेससाठी बनतो आणि आपण तो प्रतापगडच्या देखाव्यात घालून पोराला उभं करतो. अंगात चकचकीत सॅटिनचा केशरी झगा, तो पण रेडिमेड. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण तीच मंडळं देखाव्याच्या बुरुजाचा दगड न् दगड खरा दिसावा म्हणून महिनाभर राबतात.

माझ्या नातवाला मागच्या वर्षी असाच टोप आणला होता, साडेतीनशे रुपये दिले. मिरवणूक अर्ध्यावर आली असेल नसेल, त्याच्या कपाळावर कडेची प्लास्टिकची धार लागून भुवईच्या वर चिरलं. टोप मोठ्या माणसाच्या मापाचा, पोराच्या डोक्यावर गरगर फिरायचा, ब्रश पुढं आला की टोपही डोळ्यावर यायचा. वर वळीव आला आणि सॅटिनच्या शेल्याचा लाल रंग सगळ्या झग्यावर उतरला. घरी येऊन पोरगं म्हणालं, आज्जी मी परत मावळा होणार नाही. त्या रात्रीच ठरवलं की पुढच्या वेळी टोप बाजारातलाच घ्यायचा, पण तो आपण बदलायचा, आणि त्या टोपाला शोभतील असे कपडे घरी शिवायचे. ते मी केलंय, आणि कसं केलं ते सांगते, कारण कुणालाही चार संध्याकाळीत जमण्यासारखं आहे.

आधी एक गोष्ट मंडळवाल्यांना सांगायची आहे. साध्या मावळ्याच्या डोक्याला लोखंडी टोप नसायचा हो. डोंगरात पळणारी, लंगोट आणि घोंगडीवर राहणारी माणसं, त्यांच्या डोक्याला मुंडासं. टोप, चिलखत हे सरदारांचं, घोडेस्वारांतल्या ज्यांना परवडायचं त्यांचं. म्हणजे वीस पोरं असतील तर दोघा-तिघांना टोप करा, बाकीच्यांना सुती मुंडासं बांधा, खर्च पण वाचतो. आणि अफजलखानाच्या भेटीचा देखावा, जो आपल्याकडं दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गल्लीत असतोच, १० नोव्हेंबर १६५९ ची ती भेट, त्या दिवशी महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत आणि पागोट्याच्या आत लोखंडी टोप घातला होता असं सांगतात. आत! म्हणजे तो टोप दिसायलाच नको, पागोटं नीट बांधलं की झालं. पण पोरं टोप मागतात, टोप पाहिजेच, तेव्हा सरदाराचा टोप चांगला करू.

खरा टोप कसा असतो ते कोल्हापूरच्या न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये किंवा पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रं, चिलखतं आहेत तिथं जाऊन बघावं. लोखंडाची उलट्या वाटीसारखी घुमटी, वर छोटं टोक, पुढं दोन बाजूंना तुरा खोचायला दोन नळ्या, मधे नाकावर येणारी एक पट्टी जी स्क्रूनं वरखाली होते, आणि मागं कानापासून कानापर्यंत मानेवर लोंबणारी कड्यांची जाळी. असा सगळा सोनेरी नाही, काळपट लोखंडी. एवढं डोक्यात ठेवलं की बाजारातल्या टोपात काय काढायचं न् काय घालायचं ते आपोआप कळतं.

ब्रश आणि गालाच्या पट्ट्या मी हॅक्सॉच्या पात्यानं कापल्या. जिथं कापलं त्या सगळ्या कडेला आधी पॉलिश पेपर, मग जुन्या सुती साडीची दुहेरी पट्टी गोटासारखी चिकटवून वरून हातशिलाई, त्यामुळं धार लागायचा प्रश्नच मिटला. ब्रशच्या जागची फट फोमशीटच्या तुकड्यानं झाकली, वरचं टोक पण फोमचंच, पोरं एकमेकांवर आदळतात तिथं टोकदार प्लास्टिक नको. इथं एक सांगते, थर्माकोल वापरू नका, शेजारच्या पोरानं थर्माकोलचं टोक करून त्यावर स्प्रे मारला तर ते डोळ्यांसमोर विरघळून खड्डा पडला, स्प्रेतल्या सॉल्व्हंटनं थर्माकोल जातो.

सोनेरी थर २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासायचा, चकाकी गेली पाहिजे, मग भांड्याच्या साबणानं धुवून पूर्ण वाळवायचा, हाताचं तेल राहिलं तर रंग सुटतो. गाड्यांचे रंग मिळतात तिथं प्लास्टिकचा प्रायमर मिळतो, त्याचा पातळ हात, त्यावर काळा अॅक्रिलिक. काळा पूर्ण वाळला की खरी मजा आहे, चंदेरी रंगात ब्रश बुडवून फडक्यावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि तो कोरडा ब्रश नुसता वरवर फिरवायचा. उंचवट्यांवर चांदी बसते, खोलगटात काळं राहतं, आणि प्लास्टिक बघता बघता लोखंड दिसायला लागतं, आमच्या मालकांनी तर हातात घेऊन वजन करून बघितलं. रिबिटांसाठी, म्हणजे पत्रा जोडायच्या खिळ्यांची गोल डोकी दिसतात त्यासाठी, मी तुरीची डाळ वापरली, एकेक दाणा फेविकॉलनं कडेनं ओळीत लावला, प्रायमरच्या आधी, वर रंग चढला की हुबेहूब रिबिट. रंग टिकतो का ते बघायला आतल्या बाजूला थोडा लावून वाळवायचा, चिकटपट्टी दाबून झटकन ओढायची, रंग निघून आला तर परत घासायचं. शेवटी क्लिअर वॉर्निशचा हात द्यायचाच, कारण आमच्याकडं वैशाखात वळीव कधी येईल सांगता येत नाही. आणि हे रंगकाम गच्चीवर, नाकाला रुमाल बांधून, पोरांना लांब ठेवून.

नाकाची पट्टी मी आइस्क्रीमच्या जाड डब्यातनं दोन सेंटीमीटर रुंद कापली आणि वर उचललेल्या स्थितीतच स्क्रूनं पक्की केली. खऱ्या टोपातही ती वर सरकवता येते म्हणजे चूक काही नाही, आणि पोराच्या डोळ्यासमोर काही येत नाही. तुऱ्याच्या नळ्या जुन्या पेनांच्या, त्यात कोंबड्याची पिसं.

जाळीत मात्र माझा वेळ गेला. पहिल्यांदा करड्या लोकरीची विणली, दिसायला छान, पण घालून बघितलं तर अर्ध्या तासात पोराच्या मानेला घामोळं उठलं, वैशाखात लोकर म्हणजे काय होणार. मग उसवली आणि जाड सुती दोरा घेतला, जाड सुयांवर, सगळ्या ओळी सुलट. चाळीस सेंटीमीटर रुंद, पंधरा लांब. आमच्या शेजारच्या अक्का कन्नड, त्यांच्या घरी शिवजयंतीच्या दुसऱ्याच दिवशी बसवजयंतीची गडबड असते तरी त्यांनी बसून मला टाका सैल कसा ठेवायचा ते दाखवलं, सैल टाक्यातनं वारं पण जातं आणि लांबून बघितलं तर कड्याच वाटतात. दोरा आधीच करड्या रंगाचा घेतला की वर चंदेरी ब्रश नुसता फिरवायचा, रंगात बुडवायचं नाही, नाहीतर पत्र्यासारखी कडक होते. टोपाच्या कडेला दाभण तापवून दर दोन सेंटीमीटरला भोक पाडलं आणि मेणाच्या दोऱ्यानं जाळी शिवली, म्हणजे काढून धुता येते.

आता माप. माझ्या नातवाचं डोकं ५२ सेंटीमीटर, टोपाचा आतला घेर ५८. आतनं एक सेंटीमीटर जाडीचा स्पंज गोल लावला की घेर साधारण सहानं कमी होतो, बरोबर बसला. स्पंजावर मलमलीचं अस्तर, घाम टिपायला, ते वेल्क्रोवर लावलंय. वर स्पंज न लावता मोकळी जागा ठेवली आणि तुऱ्याच्या मागं दिसणार नाहीत अशी चार भोकं, वाफ बाहेर जायला. हनुवटीखाली रुंद इलॅस्टिक, वेल्क्रोचं, ओढलं की लगेच सुटलं पाहिजे, गाठ मारायची नाही.

कपड्याचं तर माझं रोजचं काम, पण इथंच लोक सगळ्यात जास्त चुकतात. टोप एवढा लोखंडी केला आणि खाली सॅटिन घातलं तर सगळं फुकट. मी मांजरपाट घेतला, रात्रभर पाण्यात भिजवून वाळवला, नाहीतर शिवल्यावर आटतो, मग चहाच्या पाण्यात उकळून काढला. पांढराफेक जाऊन जुनाट, मातकट रंग येतो. कुणाला जरा जाड पाहिजे असेल तर हुदलीची खादी घ्या, आपल्या तालुक्यात तयार होते, गांधीजी १९३७ साली तिथं राहून गेलेत, आणि अंगरख्याला तिच्यासारखा पडणारा कपडा नाही. दहा वर्षांच्या पोराला छत्तीस इंच पन्ह्याचा अडीच-तीन मीटर पुरतो. अंगरखा छातीला मापापेक्षा पाच इंच सैल, बगलेत तीन इंचाचा चौकोनी तुकडा घालायचा, तो नसला तर तलवार वर उचलली की बगल फाटते आणि हे मी मिरवणुकीत कितीतरी पोरांचं बघितलंय. कमरेखाली घेरासाठी तिरक्या कळ्या, बटणं नाहीत, बांधायचे बंद. टोपाच्या कडेला जी साडी लावली त्याच साडीचे हे बंद मी केले, अंगरख्याला गोटही तिचाच, त्यामुळं टोप आणि कपडा एकाच घरातला दिसतो. सुरवार घोट्याला तंग. शेल्याला वडगावच्याच एका माग चालवणाऱ्या विणकराकडनं उरलेला सुती तुकडा मिळाला, गडद लाल, तो तीनदा वेगळा धुतला, तिसऱ्या वेळी पाणी स्वच्छ आलं तेव्हाच कमरेला बांधला. मागच्या वर्षीचा झगा आठवत होता ना.

सगळा खर्च, टोप धरून, नऊशेच्या आत आला. रेडिमेड सेट आणला असता तर जवळपास तेवढेच गेले असते आणि एका मिरवणुकीनंतर माळ्यावर. हा टोप आता नवरात्रातल्या दुर्गामाता दौडीला चालेल, शाळेच्या गॅदरिंगला चालेल, स्पंज पातळ केला की पुढची तीन वर्षं चालेल.

साहेब, मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे. देखावा ठरला की त्याच दिवशी पोशाख ठरवा, शेवटच्या आठवड्यात बाजारात पळू नका. प्रत्येक गल्लीत शिलाई येणाऱ्या दहा बायका आहेत, विणणाऱ्या आज्ज्या आहेत, त्यांना विचारा, आम्हाला कुणी विचारतच नाही. वर्गणीतनं कापड आणून द्या, शिलाई आम्ही घालू. जे चित्ररथांचं परीक्षण करतात त्यांनी पोशाखाला वेगळे गुण ठेवावेत, पोर किती वेळ तो टोप घालून सुखानं उभं राहू शकलं हे पण बघावं. आणि आपल्या पेपरनं शिवजयंतीच्या पुरवणीत घरी केलेल्या टोपांचे, अंगरख्यांचे चार फोटो छापले तर बघून पुष्कळ जणी करतील.

मी आठ, दहा आणि बारा वर्षांच्या मापाचे अंगरख्याचे कागदी नमुने रद्दी पेपरावर कापून ठेवलेत, कळ्या आणि बगलेच्या तुकड्यासकट. आपल्या ऑफिसात एक एक सेट आणून देते, ज्याला पाहिजे त्यानं उतरवून घ्यावा, पैसे नकोत, फक्त मूळ कागद परत ठेवावा. नातवानं परवा टोप घालून गल्लीतनं चक्कर मारली, आता त्याच्या तीन मित्रांचे टोप माझ्या मशिनीशेजारी येऊन पडलेत, त्यातल्या एकाचे ब्रश आणि पट्ट्या कापून झाल्यात, दोन राहिलेत.

आपली नम्र,
एक शिलाईवाली वाचक
वडगाव, बेळगाव