सूचना: कंट्रोलच्या (रेशनच्या) कार्डात लेकरांची नावं चढवा

गटातल्या सगळ्या तायांना नमस्कार. मागच्या बैठकीत लक्षात आलं, की आपल्यातल्या बऱ्याच नव्या सुनांचं नाव अजून माहेरच्याच कार्डात आहे आणि बाळाचं तर कुठेच नाही. प्राधान्य कार्डावर, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांच्या रेशन कार्डावर, माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, तेही जानेवारी 2023 पासून फुकट. मायलेकरांचं मिळून 10 किलो दर महिन्याला सुटतंय, आणि आपण किराणा दुकानात उधारी वाढवतोय!

आधी माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा, मग सासरी चढवा. बाळासाठी जन्मदाखला आणि आधार लागेल. खोली भाड्याची असो, कार्ड भंडाऱ्याचं असो, अंगठा लावून नागपुरातल्या कोणत्याही कंट्रोलमधून धान्य उचलता येतं. दुकानदार नाही म्हणाला तर 1967 वर फोन लावा, भांडत बसू नका.

सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरांचा आणि गरोदर बायांचा घरी न्यायचा आहार अंगणवाडीत मिळतो; तो वेगळा, कार्डाशी त्याचा संबंध नाही.

रविवारी दुपारी बैठकीला कागदं घेऊन या, अर्ज सोबतच भरू. लाजू नका, हे हक्काचं आहे. झेरॉक्स मात्र आपापल्या आणा.