मुलांना घरची भाषा लपवावी लागू नये

महोदय,

सोलापूरच्या पूर्व भागातील एका मराठी शाळेत मी अनेक वर्षे शिकवले. तिथली बरीच मुले पद्मशाली विणकर कुटुंबांतली, घरी तेलुगू बोलणारी. एकदा पालकसभेला नातवासोबत आलेल्या आजीने त्याला तेलुगूत हाक मारली, तेव्हा पाचवीतला तो मुलगा मान खाली घालून, ऐकूच आले नाही असे दाखवत उभा राहिला. ती खाली गेलेली मान मी अजून विसरलेले नाही.

पुढच्या आठवड्यात मी त्याच्या आजोबांना वर्गात बोलावले. मागावर नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड यंत्राचे भोके पाडलेले पुठ्ठे हातात धरून, कोणत्या भोकामुळे कोणता धागा उचलला जातो आणि चादरीवर मोर कसा उतरतो, हे त्यांनी अर्ध्या मराठीत, अर्ध्या तेलुगूत सांगितले. अडलेल्या शब्दांचा अर्थ सांगायला तोच नातू पुढे आला, आणि तोही मोठ्या आवाजात.

ज्या शहरात स्वातंत्र्यलढ्यात १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या, वेगवेगळ्या समाजांतल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांचे पुतळे एकाच चौकात उभे आहेत, तिथल्या मुलांना घरची बोली ही उणीव वाटावी, याचे मला मनापासून वाईट वाटते. शाळांनी महिन्यातून एक तास तरी आजी-आजोबांना द्यावा. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेआधी, तिच्या मिरवणुकीतले उंच नंदीध्वज वाहणाऱ्या मानकऱ्यांनाही बोलवावे. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही.

— एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर