अण्णांचं धनुष्य आणि तुझा काटा

आजरा,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय बंड्या,

तुझा बॅगा मोजायचा काटा माझ्याकडं आहे. जानेवारीत परत निघताना बॅगा मोजून झाल्यावर तू तो आमच्या माजघराच्या दारामागं खिळ्याला अडकवलास आणि तसाच विमानात जाऊन बसलास. नंतर तीनदा विचारलंस, तीनदा मी नुसता अंगठा पाठवला. काटा अजून का आला नाही हे सांगायला हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण तू दर दोन वाक्यांनी ‘मग पुढं?’ करतोस आणि मला शेवट आधीच सांगून टाकावा लागतो. पत्रात तुला काही करता येत नाही.

मी अण्णांसाठी धनुष्य केलं. लाकडाचं, स्वतःच्या हातानं. हस, हस. कार्यानुभवाच्या तासाला ज्याचं स्टूल तीनच पायांवर उभं राहिलं, त्यानं केलं.

नववीतलं वर्तुळ आठवतं का? तू खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर, मी तुझ्या मागं, कारण सरांच्या मुलानं पुढं बसायचं नाही हा सरांचाच नियम. अण्णा फळ्यावर वर्तुळ काढायचे ते कंपासशिवाय. खडू धरलेला हात खांद्यापासून ताठ, आणि एकच फेर. खडू निघाला तिथंच येऊन टेकायचा. तू एकदा पट्टी घेऊन मधल्या सुट्टीत तो व्यास चार बाजूंनी मोजला होतास आणि निमूट जागेवर येऊन बसला होतास. मग अण्णा जीवा काढायचे, डस्टरनं वर्तुळाचा मोठा भाग पुसायचे, उरलेल्या कंसाला बाण लावायचे. “जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. ज्यांनी हे शब्द ठरवले त्यांच्या डोळ्यांपुढं धनुष्य होतं. तुमच्या डोळ्यांपुढं डबा आहे.” दोरीपासून कंसाच्या मध्यापर्यंतचं अंतर ते ‘शर’. मग आर्यभट, मग त्याची ‘ज्या’, म्हणजे तीच दोरी. ती अरबीत जाऊन ‘जीबा’ झाली, लॅटिन करणाऱ्यानं ते ‘जैब’ असं वाचलं आणि कपड्याच्या घडीचा शब्द वापरला, सायनस. त्याचं झालं साइन. “म्हणजे साइन ही आपलीच दोरी, फक्त वाटेत वाचण्यात चूक झाली.” आणि शेवटी ठरलेलं वाक्य: “खरं धनुष्य हातात असतं तर हा धडा पाच मिनिटांत संपवला असता.”

एकतीस वर्षं नोकरी केली, एकतीस वेळा हे वाक्य म्हटलं असणार. मी घरी ते कधी मनावर घेतलं नाही. त्यांना पंचाहत्तरावं लागायच्या आधी मात्र ते डोक्यात बसलं, कारण २०२३ च्या मे महिन्यात वळवानं आमच्या खालच्या बांधावरची धामण पडली.

धामण म्हणजे साप नव्हे रे, झाड. तू त्याची आंबटगोड फळं खाल्लीयस. लाकूड चिवट, कुऱ्हाडीचे दांडे, कावडी यालाच जायचं. संस्कृतात त्याला धन्वन म्हणतात, धनुर्वृक्षही म्हणतात. हे मला झाड पडल्यावर कळलं. आधी मीही त्याची साल सोलून दोर वळण्यापलीकडं त्याला काही मानलं नव्हतं. सुतारमामांना विचारलं तर म्हणाले, “दांडे कर. मुलाच्या मुलापर्यंत पुरतील. धनुष्य कसलं, तू काय रामलीला काढतोयस?”

सरळ असा सहा फुटांचा ओंडका घेतला. करवतीनं कापायचा नाही, पाचरी मारून फोडायचा, म्हणजे लाकूड आपल्याच रेषेनं उलगडतं आणि रेषा कुठं तुटत नाही. घण, तीन पाचरी, एक दुपार. चार फाळ्या निघाल्या. टोकांना तैलरंग फासला, नाहीतर ओल टोकांतून भराभर जाते आणि लाकूड तडकतं. आणि चुलीवरच्या माळ्यावर टाकल्या. आमच्याकडचा पाऊस तुला माहीत आहे. जुलैत मीठसुद्धा पाण्यात गेल्यासारखं होतं, तर लाकूड काय वाळणार. दर महिन्याला पुण्याहून आलो की आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक फाळी ठेवायची आणि खडूनं तिच्यावर वजन लिहायचं. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं, एवढं सोपं गणित. त्याला दोन उन्हाळे गेले.

चारातली एक किड्यांनी खाल्ली. एक वाळता वाळता पिळली, पंख्याच्या पात्यासारखी. राहिल्या दोन.

आता करणं कसं असतं ते सांगतो, कारण मला तेच सांगायची हौस आहे. धनुष्याला पाठ आणि पोट असतं. निशाणाकडची ती पाठ, आपल्याकडचं ते पोट. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. म्हणून पाठीला हत्यार लावायचं नाही. साल काढल्यावर खाली जो गुळगुळीत थर मिळतो तो तसाच ठेवायचा, टोकापासून टोकापर्यंत. त्यात एक जरी रेषा कापली गेली तर तिथून फाटतं. सगळं तासणं पोटाकडून. आधी वाकस, मग रंधा, मग कानस, आणि शेवटी फुटक्या बाटलीची काच. काच हे सुतारमामांनी शिकवलं. रंधा जिथं ओरबाडतो तिथं काच कागदासारखी पातळ साल काढते, आणि एक वेगळाच वास येतो, भिजलेल्या गोणपाटासारखा. वाईट नाही, पण सांगण्यासारखाही नाही.

मग वाकवणं. गोठ्याच्या भिंतीला आडवी खुंटी, तिच्यावर धनुष्याची मूठ टेकवायची, दोरीला गाठ, गाठीपासून दोर खाली कप्पीतून माझ्या हातात, आणि मध्ये तुझा काटा. दहा पावलं मागं उभं राहायचं, ओढायचं, आणि दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते बघायचं. जिथं कमी वाकतंय तिथं पेन्सिलीची खूण, तिथलं थोडं खरवडायचं, पुन्हा ओढायचं. जिथं जास्त वाकतंय तिथं हात लावायचा नाही. एवढंच आहे सगळं, आणि यातच महिने जातात. काढलेलं लाकूड परत येत नाही.

पहिलं मी मोडलं. दोरी साठ सेंटिमीटर मागं ओढल्यावर काडकन आवाज झाला आणि वरचा अर्धा गोठ्याच्या पत्र्यावर जाऊन पडला. म्हैस दावं तोडून अंगणात. आत एक गाठ होती, हरभऱ्याएवढी, पोटाच्या बाजूला रंध्यानंतर उघडी पडली होती. मी ती बघितली होती बंड्या. बघूनही पुढं ओढलं, कारण त्या दिवशी सुट्टी संपत होती. आई एवढंच म्हणाली, “तुझ्या बापाला हेच येत नाही, थांबायला. तुलाही येत नाही.”

दुसरं जमलं. एकशे साठ सेंटिमीटर, मुठीपाशी जाड, टोकांकडं निमुळतं. डॅक्रॉनच्या बारा पदरांची दोरी वळली, मेण चोळलं. जवसाचं तेल चार हात. मुठीला अण्णांच्या जुन्या कोल्हापुरीच्या पट्ट्याचं चामडं. अण्णांच्या लांब हाताला शोभेल असा ताण ठेवला. काट्यावर सतरा किलो. मला वाटलं, फळ्यावर खांद्यापासून वर्तुळ काढणारा माणूस आहे, सतरा म्हणजे काय!

खंडेनवमीला आईनं शस्त्रांच्या पाटावर रंधा, कानस, वाकस मांडलं, तुझा काटाही मांडला आणि त्यालाही हळदकुंकू लावलं. (अजून आकड्यांच्या काचेवर पिवळा डाग आहे. पुसायचा प्रयत्न केला नाही.) दसऱ्याला अण्णांच्या हातात धनुष्य दिलं.

त्यांनी ते दोन्ही हातांवर आडवं घेतलं, उन्हात फिरवून पाठ बघितली, बोटानं रेषा चाचपली. मग मूठ डाव्या हातात, दोरी उजव्यात. दोरी चार बोटं मागं आली आणि थांबली. चेहऱ्यावर काही नाही. हळूच सोडून दिली, तीही झटक्यानं नाही. मोकळी दोरी झटक्यानं सोडायची नसते हे त्यांना कुणी न सांगता कळलं. “सुरेख झालंय,” म्हणाले. “बाहेरच्या खोलीत भिंतीला लाव.”

मी लावलं. खूश होऊन लावलं, हे लिहायलाही लाज वाटते. रात्री भांडी घासताना आई म्हणाली, “त्यांचा उजवा हात वर जात नाही. मे महिन्यापासून. सदरा मी घालते.” साखर आहे ना त्यांना, त्यात खांदा आखडतो म्हणे, फ्रोझन शोल्डर. आणि मी दर महिन्याला येऊन चुलीवरच्या फाळ्या मोजत होतो. त्यांनी मला सांगितलं नाही, हे खरं. पण मी त्यांना पाच महिन्यांत वरच्या फडताळातलं काही काढताना बघितलं नाही, हे मला कळायला नको होतं का?

विचारलं असतं तर ‘काही नाही, जरा आखडलंय’ हे उत्तर ठरलेलं. म्हणून तुझा काटा पुढं केला. “अण्णा, बंड्याचा काटा बिघडल्यासारखा वाटतोय. जरा ओढून बघता का, मी आकडा वाचतो.” त्यांनी ओढला. कोपर छातीच्या वर गेलं नाही. आठ किलो सहाशे. दुसऱ्यांदा आठ तीनशे. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “बिघडलेला नाही. पुढचं सांग.”

मग सांगितलं. साडेआठला आणायचं तर ताण निम्मा करायला हवा. अण्णांनी लगेच कागद ओढला. कडकपणा जाडीच्या घनावर जातो, म्हणजे निम्म्यासाठी जाडी निम्मी नाही करायची. निम्मी केलीस तर आठवा हिस्साच उरेल. निम्म्याचं घनमूळ पॉइंट एकोणऐंशी. सोळा मिलिमीटर असेल तिथं पावणेतेराच्या जरा खाली. “सव्वातीन मिलिमीटर काढ. घाईनं काढू नकोस.” हे शेवटचं आईकडं बघून.

दिवाळीचे सहा दिवस मी ओटीवर बसून काच चालवली. अण्णा शेजारी खुर्चीत, मांडीवर पेपर, पण पान उलटल्याचा आवाज नाही. दर वीस ओढींनंतर काटा लावायचा, ते आकडा लिहायचे. पंधरा चारशे. तेरा. अकरा आठशे. ज्या ताणासाठी मी दोन वर्षं घातली होती तो सालींच्या ढिगात मांडीवर पडत होता. तू विचारशील, वाईट वाटलं का? सतरापासून तेरापर्यंत वाटलं. नंतर हात बसला, आणि धनुष्य आधीपेक्षा गोल वाकायला लागलं. आठ सहाशेला थांबलो.

आता गंमत. परवा अण्णांनी दोरी चढवलेल्या धनुष्याची मापं घेतली. जीवा एकशे छप्पन्न, शर पंधरा. अर्ध्या जीवेचा वर्ग म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंच्या शरांचा गुणाकार, आर्यभटाचा नियम, आठवतंय ना? व्यास चार मीटर वीस निघाला. मग आईचा रांगोळीचा डबा, सुतळी, खिळा. सारवलेल्या अंगणात दोन मीटर दहाच्या त्रिज्येनं कंस काढला, म्हणजे सुतळी मी फिरवली, ते खिळा धरून बसले. त्यावर धनुष्य ठेवलं.

“मूठ वर्तुळात नाही.”

“ती कडकच ठेवायची असते, अण्णा.”

“आणि वरची बाजू चार मिलिमीटर जास्त वाकलीय.”

“तेही मुद्दाम. बाण मुठीच्या वरून जातो, म्हणून खालची बाजू जरा ताठ लागते.”

ते बराच वेळ गुडघ्यावर हात ठेवून बघत राहिले. “म्हणजे एकतीस वर्षं मी फळ्यावर चुकीचं धनुष्य काढत होतो,” म्हणाले. चेहरा असा, जसा आपण भूमितीतलं एखादं अवघड रायडर सोडवल्यावर व्हायचा.

बाण मेसकाठीचे केले आहेत, शेजारच्या कोंबड्याची पिसं लावून. तिन्ही पिसं एकाच पंखाची घ्यायची, नाहीतर बाण डुलतो. परसात घनसाळ भाताच्या पिंजराचा भारा उभा केलाय. यंदाचं भात नुकतंच झोडलं, त्यामुळं सगळ्या परसाला वास. अण्णा छातीपर्यंतच ओढतात, बाण दहा पावलांवर जातो आणि बहुतेक वेळा भाऱ्याच्या डावीकडच्या शेणींत घुसतो. आई शेणी हलवायला तयार नाही. म्हणते, नेम सुधारा.

तर काटा. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी खांद्याला कप्पीचे व्यायाम सांगितले. कप्पी गोठ्याच्या भिंतीला होतीच. अण्णा रोज सकाळी सातला दोराला काटा लावून ओढतात, आकडा जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानावर लिहितात, शेजारी आलेखाचा कागद चिकटवलाय. काल नऊ किलो चारशे होता.

तू नवीन काटा घे.

तुझा,
पक्या

ता. क. आईनं विचारलंय, तिकडं कोकम मिळतं का, की पाठवू.