उलटीच्या गोळीसोबत चार ओळी मराठीतही द्या

मा. मंत्री,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

महोदय, सादर नमस्कार.

घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका तालुक्याच्या गावात मी मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. “उलटीची एक गोळी द्या” हे आमच्या काउंटरवर रोज ऐकू येतं. कुणाला बस लागते, कुणाला पित्त झालंय, कुणाचं पोर रात्रीपासून ओकतंय, कुणाची सून दुसऱ्या महिन्यात आहे. मागणी सगळ्यांची एकच. बऱ्याच दुकानांत हातात पडते तीही एकच गोळी, ऑन्डान्सेट्रॉन, पट्टीतून कात्रीने कापलेली. नाव आणि मुदतीची तारीख बहुतेक वेळा दुकानातल्या उरलेल्या तुकड्यावर राहते.

ऑन्डान्सेट्रॉन वाईट औषध नाही. जुलाब-उलट्यांनी बेजार झालेल्या मुलाला डॉक्टरांनी वजन पाहून दिलेला एक डोस पुष्कळदा पुरतो, आणि मग ओआरएस पोटात टिकतं. खरं काम ओआरएसच करतं. उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्याने पाजायचं, हे सांगायला मात्र काउंटरवर कुणाला सवड नसते.

तीच गोळी घाटात फारशी उपयोगी पडत नाही. बस लागण्याची सुरुवात कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागापासून होते आणि ऑन्डान्सेट्रॉन त्या वाटेवर काम करत नाही. तिथे प्रोमेथाझिन किंवा मेक्लिझिन लागतं, तेही निघण्यापूर्वी तासभर आधी. लोक ते पहिल्या वळणावर तोंडाला पाणी सुटलं की घेतात. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने त्या घेऊ नयेत आणि दारूबरोबर कुणीच घेऊ नयेत. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रोमेथाझिन देऊ नये, श्वास मंदावण्याचा धोका असतो. अर्धी गोळी मधातून देणाऱ्या आज्या मला दर मे महिन्यात भेटतात.

सर्वात जास्त काळजी वाटते ती पित्ताच्या कॅप्सूलची. पोटातलं आम्ल कमी करणारं पॅन्टोप्राझोल आणि उलटी थांबवणारं डोम्पेरिडोन एकत्र असलेली ही कॅप्सूल माणसं सकाळच्या चहाआधी महिनोन् महिने घेतात. हृदयाच्या ठोक्यांवर होणाऱ्या परिणामामुळे युरोपच्या औषध नियामकांनी 2014 मध्ये डोम्पेरिडोनला मर्यादा घातली: मोठ्यांना दिवसाला जास्तीत जास्त 30 मिलिग्रॅम आणि साधारणपणे एका आठवड्यापुरतंच. आपल्याकडच्या अनेक कॅप्सूलमध्ये ते 30 मिलिग्रॅमच असतं, आठवड्याची अट मात्र कुणी सांगत नाही. त्यात बुरशीसाठी फ्लुकोनाझोल किंवा खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन सुरू असेल तर धोका आणखी वाढतो. गिऱ्हाईक ती औषधं दुसऱ्या दुकानातून घेतं, मग ते आम्हाला कळणार कसं?

मेटोक्लोप्रमाइड या उलटीवरच्याच आणखी एका औषधाचं वेगळंच. लहान मुलांत आणि तरुण मुलींत कधीकधी त्याने मान वाकडी होते, डोळे वर फिरतात, जबडा आखडतो. घरच्यांना वाटतं आकडी आली, किंवा बाहेरचं काही लागलं. योग्य इंजेक्शन मिळालं तर हा त्रास सहसा थोड्याच वेळात उतरतो, पण त्यासाठी आधी कोणती गोळी घेतली हे डॉक्टरांना कळायला हवं. कापलेल्या तुकड्यावर नावच नसेल तर घरच्यांनी दाखवायचं काय?

गरोदरपणात डॉक्सिलामिन आणि पायरिडॉक्सिन यांची जोडगोळी हा जुना, भरपूर तपासलेला पर्याय आहे. तरीही पहिल्या तिमाहीत काउंटरवरून ऑन्डान्सेट्रॉन सर्रास जातं. त्या काळात ते वापरू नये, असा सल्ला युरोपात 2019 मध्ये दिला गेला. टाळू किंवा ओठ दुभंगलेलं मूल होण्याचा धोका त्याने वाढत असावा असं काही अभ्यासांत दिसलं, वाढ अगदी थोडी असली तरी. उलट्या थांबतच नसतील तर डॉक्टर विचारपूर्वक ते देतातही. पण तो निर्णय काउंटरवरचा नाही.

पट्टीवर काय छापायचं हे दिल्लीत ठरतं, याची मला कल्पना आहे. म्हणून मागणी राज्याच्या हातातलीच करतो. सुट्या गोळ्या ज्या कागदी पाकिटात घालून देतो त्यावर औषधाचं नाव, मुदत, किती आणि किती दिवस, एवढं मराठीत लिहिण्याचे आदेश दुकानांना द्या. मागच्या बाजूला छापलेला मजकूर असावा: उलटीत रक्त किंवा हिरवं पित्त, डोक्याला मार लागल्यानंतरची उलटी, सहा-आठ तास लघवी नाही, तापात पोटदुखीसह थांबत नसलेल्या उलट्या, मधुमेह्याला छातीत दाब आणि घाम, यांपैकी काहीही असेल तर गोळी घेऊन वाट पाहू नका, थेट दवाखाना गाठा. पावसाळ्यातल्या डेंग्यूत तापातल्या न थांबणाऱ्या उलट्यांची खूण विशेष महत्त्वाची. हृदयविकाराचा झटका पित्त समजून रात्रभर अंगावर काढलेली माणसं कुठल्याही ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना माहीत असतात.

दुकानदारांना हे आवडणार नाही. गर्दीत लिहीत बसायला वेळ कुणाला, असं म्हणतील. पण फार्मसी कायदा 1948 पासून आहे आणि चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावं असं तो सांगतो. प्रमाणपत्र भिंतीवर आणि त्यावरचा माणूस भलत्याच गावात, हा प्रकार आपल्या खात्यालाही नवा नाही. तपासणीला येणारे औषध निरीक्षक आमची बिलं पाहतात, फ्रिजचं तापमान पाहतात. यापुढे त्यांनी काउंटरवरून निघालेलं एखादं पाकीटही उघडून पाहावं, आणि त्यावरचं अक्षर कुणाचं आहे हे विचारावं.

आपला,
रत्नागिरी जिल्ह्यातील एक फार्मासिस्ट