आबा, ती थट्टा नव्हं

आइंडहोव्हन,
२८ सप्टेंबर

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणालात आणि खरंच ठेवला. आई सांगत होती, रात्री जेवतानाही गप्पच होता. म्हणून पत्र लिहायला बसले. फोनवर आपलं धड बोलणं होत नाही. तुम्ही मध्येच गिऱ्हाइकाला "मान खाली" म्हणता आणि माझं वाक्य तिथंच लटकून राहतं.

तुमचा राग मला कळला. पोरगी कर्ज काढून नेदरलँडला डिझाइन शिकायला गेली आणि तिथं, शिवाजी महाराजांचं रूप घेऊन मरण पत्करलेल्या शिवा काशीदांच्या नावानं आरसा करत बसली. दुकानाचं शटर वर गेलं की सेना महाराजांच्या शेजारी ज्यांच्या फोटोला उदबत्ती लागते, त्यांची वस्तू करून गोऱ्यांना दाखवायची म्हणजे थट्टाच, असं तुम्हाला वाटलं. आबा, आधी सगळं ऐकून घ्या, मग हवं तर दुसऱ्यांदा फोन ठेवा.

या सहामाहीला आम्हाला काम दिलंय ते असं: युद्धाच्या इतिहासाबद्दल काही बोलेल, पण घरात रोज वापरता येईल अशी वस्तू करायची. पुतळा, स्मारक चालणार नाही. चहाचा मग, दिवा, खुर्ची, पडदा, असलंच काहीतरी. वर्गात युक्रेनची एक पोरगी आहे, ती खिडकीचा पडदा विणतीय. बाँब पडला की काचा उडू नयेत म्हणून लोक काचेवर चिकटपट्टीच्या फुल्या मारतात ना, त्या फुल्या तिनं पडद्यात घेतल्यात. बघून पोटात खड्डा पडतो.

या गावालाच ती सवय असावी. १८ सप्टेंबर १९४४ ला आइंडहोव्हन जर्मनांच्या तावडीतून सुटलं. त्याची आठवण म्हणून लोकांनी खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या, आणि त्यातूनच आता दरवर्षी रस्तोरस्ती दिव्यांची आरास होते. मी सायकलवरून बघून आले. आपल्या दिवाळीपुढं काही नाही, पण खिडकीतली एक मेणबत्ती एवढी टिकली याचं मला कौतुक वाटलं.

आमच्याच कॉलेजात मसूद हसानी नावाचा मूळचा काबूलचा मुलगा शिकून गेला. लहानपणी तो वाऱ्यावर पळणारी खेळणी करायचा. ती वाऱ्यानं सुरुंग पेरलेल्या माळावर जायची आणि परत आणता यायची नाहीत. २०११ साली शेवटच्या वर्षाला त्यानं तेच खेळणं माणसाएवढं केलं. मधे गोळा आणि चहूबाजूंनी बांबूच्या काठ्या, प्रत्येकीच्या टोकाला प्लॅस्टिकची चकती. वाऱ्यानं गडगडत जायचं आणि सुरुंगावर पडून तो फोडायचा. काही काठ्या उडतात, बाकीचं पुढं जातं. न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयानं ते घेतलंय. याच्या उलट फिलिप स्टार्क या नावाजलेल्या फ्रेंच डिझायनरनं २००५ साली सोनेरी एके-४७ चा टेबललॅम्प काढला. वरची शेड काळी, आतून क्रूस. युद्धाचा धिक्कार म्हणून केला म्हणे. मला तर ती बंदुकीचीच जाहिरात वाटते. श्रीमंताच्या दिवाणखान्यात बंदूक चमकणार, आणखी काय?

आता एक तुमच्या धंद्याची गोष्ट. आजोबांच्या वेळी माणसं दिवसाआड दाढीला यायची आणि तुमच्या वेळी ती कुठं गेली, असं तुम्ही नेहमी म्हणता ना? ती महायुद्धात गेली, आबा. पहिल्या महायुद्धात विषारी वायू सोडायला लागले. दाढी वाढलेली असली की तोंडावरचा मुखवटा घट्ट बसत नाही आणि फटीतून वायू आत शिरतो. अमेरिका युद्धात उतरल्यावर जिलेट कंपनीनं त्यांच्या फौजेला ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख पाती पुरवली. पोरं घरी आली ती आपली दाढी आपण करायची सवय घेऊन. पुढं ती सवय जगभर पसरली, आपल्याकडं जरा उशिरा पोचली इतकंच. हे वाचलं त्या दिवशी मला आजोबांची धोकटी आठवली आणि तिथंच ठरवलं, आपली वस्तू न्हाव्याची असणार.

मग आरसा. पहिला केला तो मात्र खरंच चुकीचा होता, तेवढं कबूल करते. काचेवर जिरेटोपाची रेघ कोरली होती. समोर उभं राहिलं की आपला चेहरा बरोबर जिरेटोपाखाली यायचा. सगळ्यांना लई आवडला. रांग लावून फोटो काढले. आणि त्या सगळ्यात शिवा काशीद कुठंच नव्हते. जो आला तो महाराज होऊन गेला. नेबापूरच्या ज्या माणसाला आपला चेहरा पुढं केला की मरण आहे हे माहीत होतं, त्याचं नावसुद्धा कुणी विचारलं नाही. रात्री झोप लागली नाही. सकाळी तो आरसा मी कचऱ्यात टाकला. गुंडाळून टाकला, कुणाचा हात कापू नये म्हणून.

नंतर दुकान आठवत बसले. कटिंग झाली की तुम्ही मागं उभं राहून छोटा आरसा धरता, गिऱ्हाइकाला मानेमागचं दाखवायला. त्याला समोर आपलं डोकं दिसतं, आपली मान दिसते. धरणारा दिसतो का? दिसला तर बोटं दिसतात. जुलै १६६० मध्ये, त्या पौर्णिमेच्या रात्री, दोन पालख्या पन्हाळ्यावरून निघाल्या, त्यातली शिवा काशीदांची अशीच होती. सिद्दी जौहरच्या छावणीनं जे बघायचं तेच बघितलं. धरणारा माणूस ओळखला तो मागाहून, आणि तोवर महाराज विशाळगडाच्या वाटेवर लांब गेले होते.

म्हणून नव्या आरशाला खाली दांडी नाही. तो ढालीसारखा आहे. मंगळवार पेठेतल्या तालमीत लहानपणी मर्दानी खेळ बघायला बसायचे तेव्हा वस्तादांनी एकदा ढाल हातात दिली होती. बाहेरून चार फुलं दिसतात आणि आत त्याच चार ठिकाणी मुठीचे पट्टे अडकवलेले असतात, बोटांच्या सांध्यांना लागू नये म्हणून मधे छोटी गादी. तसंच केलंय. ज्याला बघायचंय त्याच्या हातात हा आरसा येतच नाही, दुसऱ्या कुणीतरी मुठीत धरून त्याच्यापुढं उभं राहायचं.

काचेला फुलांसाठी भोकं पाडताना तीन काचा फुटल्या. शेवटी स्टीलचा पत्रा घासून चकचकीत केला. आमच्या वर्कशॉपमधले काका म्हणाले, खंदकातल्या सैनिकांकडं दाढीला असलेच स्टीलचे आरसे असायचे, फुटत नाहीत म्हणून. त्यात चेहरा किंचित हलल्यासारखा दिसतो. राहू दे म्हटलं.

मागच्या बाजूला देवनागरीत फक्त "शिवा काशीद, नेबापूर" एवढं आहे. धरणाऱ्यालाच ते वाचता येतं. एकही तलवार नाही, घोडा नाही. आणि विकायचा तर नाहीच, परीक्षा झाली की दुकानात टांगायला घेऊन येते. तुम्ही नको म्हणालात तर माझ्या खोलीत राहील.

आता काम. आतल्या गादीला इथलं चामडं लावून बघितलं, हाताला प्लॅस्टिकसारखं लागतं. चप्पल लाईनीतनं कापशी चपलेच्या तळाचं असतं तसलं वीतभर कातडं, जरा मऊ बघून, आईकडून पाठवाल का? कुरिअरवाला "काय आहे" विचारेल, चपलेचा तळ म्हणून सांगा. कातड्याबरोबर तुमच्या मुठीचं मापही हवंय. कागदावर हात ठेवून पेन्सिलीनं काढू नका, त्यात पंजा येतो. आरसा धरता तशी मूठ आवळा आणि आईला सुतळी गुंडाळायला सांगा. ती सुतळीच पाकिटात टाका.

आईला नमस्कार. गुडघ्याला तेल लावते का विचारलंय म्हणून सांगा.

तुमची,
शुभा