मित्रास पत्र : पासवर्ड हरवलेला पीएलसी

कुंडई, गोवा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तुमच्या डिचोलीच्या कारखान्यातील पॅकिंग मशीनवरचा मित्सुबिशीचा जुना एफएक्स-टू-एन पीएलसी, म्हणजे मशीनचा क्रम चालवणारा छोटा औद्योगिक संगणक, आतला प्रोग्राम वाचायला पासवर्ड मागतो, तो घालणारा प्रोग्रामर केव्हाच परदेशी गेला आणि मशीन पुरवणारी कंपनीही बंद पडली, हे वाचून मला नवल वाटले नाही. आपल्या औद्योगिक वसाहतींत अशी मशीने अनेक आहेत. मात्र पासवर्ड तोडण्याची तुला जी घाई झाली आहे, तिच्याआधी बॅटरीकडे पाहा.

पीएलसीत मेमरी कॅसेट, म्हणजे प्रोग्राम साठवणारी वेगळी जोडायची मेमरी, बसवलेली नसेल, तर सबंध प्रोग्राम रॅम या विजेवरच टिकणाऱ्या मेमरीत असतो आणि वीज गेल्यावर तो एका छोट्या लिथियम बॅटरीवर तगून राहतो. तिचे आयुष्य साधारण पाच वर्षांचे. बॅटरी संपत आल्याचा समोरचा दिवा लागलेला असताना चवथीच्या सुट्टीत कोणी मेन स्विच पाडून घरी गेला, तर परतल्यावर पासवर्डचा प्रश्नच उरणार नाही, कारण प्रोग्रामच उरलेला नसेल. बॅटरी बदलताना वीज बंद करून जुनी काढल्यापासून वीस सेकंदांच्या आत नवी जोडावी लागते, म्हणून नवी बॅटरी आधीच हाताशी ठेव. कॅसेट असली तरी निर्धास्त राहू नकोस. डी-२०० पासून पुढच्या ज्या रजिस्टरांत, म्हणजे आकडे ठेवण्याच्या कप्प्यांत, वेळा, लांबी, मोजणी अशी सेटिंग्ज जपलेली असतात, ती बॅटरीवरच टिकतात. ऑपरेटरच्या पॅनलवर दिसणारे प्रत्येक मूल्य आजच वहीत उतरवून घे.

हा पासवर्ड आठ अक्षरांचा असतो आणि त्याच्या पहिल्या अक्षरावरून बंदी किती कडक ते ठरते. काही पातळ्यांवर प्रोग्राम वाचता येत नाही, पण रजिस्टरांतील मूल्ये पाहता येतात. तेवढे जमले तरी पुढचे निम्मे काम हलके होईल. सॉफ्टवेअरमधून मेमरी पूर्ण पुसली की पासवर्ड जातो खरा, पण त्याच्याबरोबर प्रोग्रामही जातो. हा उपाय सुचवणाऱ्याला मशीनजवळ फिरकू देऊ नकोस.

इंटरनेटवर मिळणाऱ्या पासवर्ड-तोड सॉफ्टवेअरबद्दल तू विचारले आहेस. २०२२ मध्ये ड्रॅगॉस या सुरक्षा कंपनीने डायरेक्टलॉजिक ०६ या पीएलसीसाठी विकले जाणारे असेच एक साधन तपासले. ते पासवर्ड काढून देत होते, पण त्याच वेळी संगणकात सॅलिटी नावाचा व्हायरस सोडत होते. कारखान्याच्या जाळ्याला जोडलेल्या लॅपटॉपवर असे काही चालवणे मला मुळीच मान्य नाही.

माझे मत विचारशील तर प्रोग्राम नव्याने लिही. पॅकिंग मशीनचा क्रम ठरलेला असतो आणि तो तुमच्या ऑपरेटरांना तोंडपाठ आहे. पॅनलमधील वायरिंग तपासून कोणता सेन्सर कोणत्या इनपुटला जातो याची यादी कर; या पीएलसीत इनपुटचे क्रमांक अष्टमान पद्धतीने (आठाच्या पटीत) चालतात, म्हणजे एक्स-७ नंतर एक्स-१० येतो, तेथे गोंधळू नकोस. मग मशीन नेहमीच्या वेगाने चालू असताना इनपुट-आउटपुटच्या दिव्यांचे मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण कर आणि कोणता दिवा कशानंतर लागला, किती वेळ राहिला, याचा तक्ता मांड. मशीन सुरळीत असतानाचे आणि पाकीट अडकल्यावरचे असे दोन्ही प्रकार टिपायला हवेत, कारण प्रोग्रामचा मोठा भाग बिघाडाच्या प्रसंगांसाठीच लिहिलेला असतो आणि विसरला जातो तोही तोच. हे करताना एखादा लिमिट स्विच (भाग ठरलेल्या जागी पोहोचला की दाबला जाणारा स्विच) खाऱ्या हवेने गंजलेला सापडला, तर ज्या दोषासाठी तुम्ही प्रोग्रामला बोल लावत होता तो कदाचित तेथेच असेल.

जुना पीएलसी जसाच्या तसा राहू दे. नवा प्रोग्राम दुसऱ्या पीएलसीत घालून, मोटारी सुट्या करून, आधी टेबलावर तपास. इमर्जन्सी स्टॉप मात्र प्रोग्रामवर न सोडता, त्याने वीज थेट वायरिंगमधूनच तुटेल असा ठेव; जुन्या माणसाने तो कसा जोडला आहे, हे तारांचा माग काढतच शोधावे लागेल.

तक्ता आणि वायरिंगची छायाचित्रे पाठवलीस तर शिडीची (पीएलसीचा प्रोग्राम ज्या शिडीसारख्या आकृतीत लिहितात तिची) पहिली मांडणी मी करून देईन. आउटपुट रिलेचे आहेत की ट्रान्झिस्टरचे, तेवढे पीएलसीवरील लेबल पाहून कळव, म्हणजे बदली पीएलसी त्याच प्रकारचा घेता येईल.

तुझा स्नेहांकित मित्र