डांगर तेलात पहिल्यांदा, रश्शात शेवटी

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी तोंडावर आली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून 'एकाच भांड्यातलं जेवण' अशा मथळ्याची चिकन आणि स्क्वॉशची पाककृती हमखास येते. चार कप बटरनट स्क्वॉश (परदेशी भोपळा), दोन कप स्टॉक (हाडं उकळून काढलेलं पाणी), थाइमच्या दोन काड्या, सगळं एकत्र करा आणि ओव्हनमध्ये २०० अंशांवर पाऊण तास ठेवा. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरात ती बटरनटऐवजी डांगर, म्हणजे लाल भोपळा, घेऊन तशीच्या तशी केली, की डांगराचा लगदा होतो, रस्सा पाणचट आणि गोडमिट्ट होतो आणि कोंबडी त्यात नुसती पोहत राहते. मग 'भोपळा आणि कोंबडी जमतच नाही' असा शिक्का बसतो. जमतं, आणि चांगलं जमतं. चुकतो तो क्रम, आणि दुसरं चुकतं ते पाणी. पंगतीचा आणि घरगुती स्वयंपाक करणारे आम्ही काही जण त्याबद्दल नेमकं लिहीत आहोत.

आधी नावाचा घोळ. आपल्याकडे डांगर म्हणजे लाल भोपळा. कन्नड शेजारी त्याला कुंबळकाई म्हणतात. पुण्याकडे डांगर म्हटलं तर उडदाच्या पिठाचं कालवण पुढ्यात येईल, म्हणून छापताना 'लाल भोपळा' हा शब्दही द्यावा. कोहळा वेगळा, दसऱ्याला फोडतात तो. तो या रश्शात चालत नाही, नुसतं पाणी सुटतं. बटरनट आणि आपलं डांगर मात्र एकाच कुळातली भावंडं आहेत. दोन्ही मूळची अमेरिका खंडातली, मिरचीसारखीच. फरक पाण्याचा आहे. बटरनटचा गर घट्ट आणि पिठूळ असतो, तर आपल्या डांगरात शंभर ग्रॅममागे नव्वद ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. त्यामुळे पाककृतीतल्या दोन कप स्टॉकएवढं पाणी इथे जसंच्या तसं घालायचं नाही. निम्मं डांगरच देतं.

डांगर निवडण्यात अर्धं काम आहे. सबंध घेत असाल तर देठ वाळून लाकडासारखा झालेला हवा, साल निस्तेज हवी आणि नख दाबलं तरी रुतता कामा नये. जमिनीवर टेकलेल्या बाजूचा डाग पिवळसर असतो, तो पांढराफटक असेल तर फळ कोवळं खुडलेलं आहे. पावसाळ्यात लावलेल्या वेलाचं फळ दसरा-दिवाळीच्या सुमाराला उतरतं, पण उतरल्या उतरल्या ते गोडीला कमी आणि पाण्याला जास्त असतं. शिंक्यात किंवा माळ्यावर वारा लागेल असं तीन-चार आठवडे ठेवलं की पिठाची साखर होते आणि गर घट्ट होतो. म्हणजे हा पदार्थ खरा रंगतो तो ऑक्टोबरच्या उन्हात नव्हे, दिवाळीनंतर संध्याकाळी गारठा पडायला लागला की. बेळगावच्या गणपत गल्लीत किंवा आठवडी बाजारात कापलेली फोड घेताना बिया भरलेल्या आहेत का बघा, आणि गर बुळबुळीत असेल तर सोडून द्या.

घरी आणल्यावर कच्चा तुकडा जिभेवर ठेवून बघणं टाळू नका. कडू लागला तर सगळं डांगर टाकायचं, साखर-गूळ घालून सावरायचं नाही. तो कडूपणा शिजवून जात नाही, आणि उलट्या-जुलाब होतात.

आता मापं, पाच-सहा माणसांची. हाडासकट ब्रॉयलर कोंबडी १ किलो, मध्यम तुकडे. बाजारात 'बॉयलर' म्हणतात तीच. डांगर सालीसकट ६०० ग्रॅम. बिया आणि मधला तंतूंचा गाभा काढून साधारण ५०० ग्रॅम उरतं. कांदे ३ मोठे, म्हणजे पाव किलो. लसूण १५ पाकळ्या, आलं दीड इंच, हळद अर्धा चमचा, तेल ४ मोठे चमचे, मीठ एकूण अडीच चमचे. वाटणाला सुकं खोबरं ४० ग्रॅम, तीळ १ मोठा चमचा, धणे २ चमचे, मिरी ८, लवंगा ४, दालचिनी बोटाच्या एका पेराएवढी, आणि मिरच्या: ब्याडगी ६, संकेश्वरी २. आमसुलं ४. ब्याडगीने रंग येतो, तिखटपणा फारसा नाही. डांगराच्या गोडीला टक्कर देते ती संकेश्वरी. दोन्ही नकोत म्हणून घरचं वर्षाचं तिखट घालणार असाल तर दोन चमचे पुरे. पण त्या तिखटात टिकण्यासाठी आधीच मीठ घातलेलं असतं, म्हणून वरचं मीठ अर्धा चमचा कमी करा. पदार्थ खारट होण्याचं सर्वांत मोठं कारण हेच.

कोंबडीला हळद, एक चमचा मीठ आणि निम्मं आलं-लसूण चोळून अर्धा तास ठेवा. नळाखाली धारेत धुवायची गरज नाही. शिंतोडे ओट्यावर आणि भाजीवर उडतात आणि पोट बिघडवणारे जंतू तिथे जातात. रक्त दिसत असेल तर कागदाने टिपा. डांगराच्या दीड-दीड इंचाच्या फोडी करा, साल ठेवूनच. सालीने फोड अंगात धरून राहते, आणि शिजल्यावर ती खाताही येते. फार जून, लाकडी साल असेल तरच काढा. फोडी एक इंचाहून लहान झाल्या तर पुढे कितीही जपलं तरी विरघळणार. कापताना सबंध फळ ओल्या फडक्यावर ठेवा, पाट्यावर ते घसरतं. पहिली सुरी बाईने लावायची नाही, असं आपल्याकडे पाळतात. पाळायचं त्यांनी पाळावं. पातं जाड आणि धारदार असावं, एवढं मात्र सगळ्यांनी पाळावं.

वाटणासाठी मिरच्यांच्या बिया झटकून त्या गरम पाण्यात पाव तास भिजवा. धणे, मिरी, लवंग, दालचिनी, मग तीळ आणि शेवटी खोबऱ्याचा कीस, असं मंद आचेवर भाजा. खोबरं बदामी झालं की लगेच ताटात काढा. कढई गरम असते आणि गॅस बंद केल्यावरही त्यात ते करपत राहतं. करपलेल्या खोबऱ्याचा कडूपणा मग डांगराच्या माथी मारला जातो. उरलेलं आलं-लसूण घालून सगळं मऊ वाटा.

भांडं जाड बुडाचं आणि रुंद हवं, तीन-चार लिटरचं. अरुंद डेचकीत तुकड्यांची रास होते, खालचे शिजून फुटतात आणि वरचे कच्चे राहतात.

तेल चांगलं तापू द्या. पहिल्यांदा डांगराच्या फोडी टाका, एकाच थरात, पाच-सहा मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत. मीठ घालायचं नाही. मीठ पडलं की पाणी सुटतं आणि फोडी परतण्याऐवजी वाफवतात. परतून बाहेरचं पाणी उडालं की फोड पुढे रश्शात आकार धरते, आणि डांगराचा केशरी रंग तेलात उतरतो, कारण तो पाण्यात नव्हे, तेलातच विरघळतो. फोडी ताटात काढून ठेवा. या घडीला त्या आतून कच्च्या असायला हव्यात.

त्याच तेलात कांदा, मध्यम आचेवर दहा मिनिटं, तांबूस होईपर्यंत. मग आच वाढवून कोंबडी; सात-आठ मिनिटं परता. सुटलेलं पाणी आटून पुन्हा तेल दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. घाई इथेच होते, आणि रश्श्याला वशाट वास राहतो तो यामुळे. आता आच बारीक करून वाटण आणि उरलेलं मीठ घाला, चार-पाच मिनिटं तेल सुटेपर्यंत परता. मग एक वाटी, म्हणजे १८० मिलिलिटरच्या आसपास, पाणी, उकळतं. गार पाणी ओतलं तर उकळी थांबते, तवंग येत नाही. झाकण म्हणून खोलगट ताट ठेवा आणि त्यात पाणी ओता. आजीच्या काळची ही युक्ती आहे, पण ती का चालते हे लक्षात घ्या: वरचं पाणी गार असल्याने आतली वाफ ताटाला लागून परत रश्शात ठिबकते, त्यामुळे आटत नाही आणि लागत नाही. शिवाय पाणी कमी पडलंच तर ताटावरचं गरम झालेलं पाणी हाताशी असतं.

बारीक आचेवर बारा मिनिटं. त्यानंतर डांगर वर पसरा, ढवळू नका, झाकण परत ठेवा, आणखी दहा-बारा मिनिटं. या क्रमामागचा हिशेब साधा आहे. ब्रॉयलर कोंबडीला झाकून पंचवीस मिनिटं लागतात, परतलेल्या डांगराला दहा-बारा. दोघांना एकदम सोडलं तर एक तरी बिघडणारच. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे, इथे पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. कोकणातल्या नातेवाइकांनी सांगितलेल्या वेळेत दोन-तीन मिनिटं भर घाला.

आमसूल शेवटच्या पाच मिनिटांत, आधी नाही. आंबट पदार्थात डांगर मऊ पडायला वेळ लावतं, कारण त्याचा गर धरून ठेवणारं पेक्टिन आंबटात सहज सुटत नाही. टोमॅटो सुरुवातीला घातल्यावर डांगर बाहेरून मऊ आणि मधे करकरीत राहतं, त्याचं कारण हेच. हलवायचं असेल तर पळी घालू नका. भांडं दोन्ही कानांना फडक्याने धरून गोल फिरवा. मांडीचा सगळ्यात जाड तुकडा हाडापाशी उघडून बघा. गुलाबी दिसला किंवा तांबूस पाणी आलं तर आणखी पाच मिनिटं. थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश. गॅस बंद केल्यावर झाकण न काढता पंधरा मिनिटं थांबा. डांगरातलं थोडं पीठ तेवढ्यात रश्शात उतरतं आणि तो आपसूक दाट होतो.

बूड लागलं तर? डांगराची साखर आणि खोबरं, दोन्ही तळाला बसतात, त्यामुळे शक्यता असतेच. वास आल्याबरोबर वरचं सगळं दुसऱ्या भांड्यात ओता आणि खालचं खरवडू नका. खरवडलं की वास सगळीकडे. 'एकच भांडं' या हट्टापायी जेवण वाया घालवू नये.

जवारी, म्हणजे गावठी, कोंबडीची गोष्ट निराळी. तिला पातेल्यात सव्वा ते दीड तास लागतो. कुकर वापरत असाल तर परतलेल्या कोंबडीला दोन वाट्या पाणी घालून मंद आचेवर पाच-सहा शिट्ट्या द्या, वाफ पूर्ण जिरू द्या, झाकण उघडा, डांगर घाला आणि पुढचं उघड्या कुकरात, वर ताट ठेवून. डांगराला शिट्टी दाखवूच नये. एका शिट्टीत त्याची खीर होते. खानापूरकडच्या मातीच्या भांड्यात करणार असाल तर आच हळूहळू वाढवा आणि गार पाणी कधीच ओतू नका, तडा जातो. भांडं उष्णता धरून ठेवतं, म्हणून डांगराच्या वेळेतून चार मिनिटं वजा करा.

भाकरीबरोबर खायचं तर वरचं प्रमाण बरोबर आहे. भातही त्याच भांड्यात हवा असेल तर दोन वाट्या तांदूळ वीस मिनिटं भिजवून निथळा, आणि कोंबडी दहा मिनिटं शिजल्यावर तांदूळ, साडेतीन वाट्या उकळतं पाणी आणि एक चमचा मीठ घाला. येळ्ळूर-शहापूर शिवारातला नवा बासमती असेल तर पाणी तीनच वाट्या. पाणी तांदळाच्या पातळीला आलं की डांगर वर मांडा, भांड्याखाली तवा सारा, बारा मिनिटं अगदी बारीक आच आणि दहा मिनिटं बंद. या प्रकारात आमसूल घालू नका, पानात लिंबू पिळा. जोंधळ्याच्या कण्या घालूनही करतात. एक वाटी कण्या अर्धा तास भिजवून, पाणी तीन वाट्या, आणि कण्या डांगराच्या आधी दहा मिनिटं. याला सतत नजर लागते; नवख्याने भातापासून सुरुवात करावी.

संपादक महोदय, आपल्याकडे मागणं एवढंच. पाककृती छापताना 'कप' न देता ग्रॅम द्या, आणि भाजीचं वजन सोलण्याआधीचं की नंतरचं ते लिहा. कोंबडी ब्रॉयलर की जवारी हे लिहा. ओव्हनच्या अंशांशेजारी पातेल्यातली मिनिटं द्या; आपल्या बहुतेक वाचकांच्या घरी शेगडी आहे, ओव्हन नाही. आणि स्टॉक म्हणजे काय याचा खुलासा नको, 'हाडासकट कोंबडी घ्या' एवढं लिहिलं तरी काम होतं.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावं, दोन दिवसांत संपवावं. रात्रभरात रस्सा घट्ट होतो, तेव्हा गरम करताना अर्धी वाटी उकळतं पाणी घाला, मीठ चाखूनच. डांगराच्या बिया धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून, मिठाच्या पाण्याचा हबका देऊन तव्यावर भाजल्या तर मुलं भाकरीआधी त्याच संपवतात.

आपले,
स्वयंपाकाची कामं घेणारे काही वाचक,
खानापूर तालुका, जि. बेळगाव